मामाच्या हातचं गोड

आमच्याकडे असा रिवाज आहे, की घरात आई गेली तर तेराव्यानंतर लेकराला पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर न्यायचं ते मामानं, आणि बाहेर नेऊन आपल्या हातानं त्याच्या तोंडात गोड घालायचं. त्यानंतरच त्या घराचा दुखवटा उतरतो. गुळाचा खडा चालतो, बत्तासाही चालतो. एवढ्याशा कामासाठी कोणी हॉटेलात टेबल राखून ठेवील, असं हा रिवाज पाडणाऱ्यांच्या मनातही आलं नसेल. त्यांनी माझा मेहुणा पाहिलेला नव्हता.

मेहुणा म्हणजे माझ्या बायकोचा मोठा भाऊ. हैदराबादेत प्लॉट विकतो. बोथ गावातल्या आमच्या गल्लीत त्याची गाडी शिरली नाही, याचा त्याला त्रास कमी आणि आनंद जास्त झाला. गाडी किती रुंद आहे हे त्यानं तीन घरांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

त्या दिवशी हॉटेलात नुसता चहाच होणार नव्हता. चहा झाला की तो माझ्या पाच वर्षांच्या मुलीला तिकडूनच हैदराबादला घेऊन जाणार होता, राहायलाच. एकट्या बाप्याच्यानं पोरीची जात सांभाळली जात नाही, हे घरातल्या बायकांनी ठरवून टाकलं होतं; माझ्या आईनंही. मी हो म्हणालो नव्हतो. पण आमच्यात गप्प बसलेल्या माणसाचं उत्तर बाकीचे देतात. तिची बॅग गाडीच्या डिकीत ठेवली गेली.

वाटेत मुलीनं विचारलं, "बाबा, घरी दिव्याजवळ कोन हाय?"

"दिवा शांत झाला ना आता."

"हो का," ती म्हणाली आणि खिडकीतून बाहेर बघायला लागली.

बायको गेल्यावर तिला घरात जिथं ठेवलं होतं तिथं तेराव्यापर्यंत दिवा तेवत होता. लेकरू पायात घुटमळू नये म्हणून माझ्या आईनं मुलीला त्याच्यापाशी बसवलं. "तेल सरलं का हाक मारजो. जवळून धावू नको, फुंकर त मारूच नको. तुही आई या उजेडानं वाट पाह्यत जाते." भेटायला येणाऱ्यांतलं कोणी चहात साखर कमी म्हणून कुरकुरत होतं, कोणी बायकोच्या बांगड्यांची चौकशी करत होतं. त्या सगळ्या गर्दीत आपलं काम नीट करणारं एवढंच एक माणूस होतं. पंखा लावला तर ती उठून बंद करायची. तेराव्याला तिला सांगितलं, आई पोचली. तिनं विचारलं, "पोचली म्हणून फोन आला का?"

हॉटेल मावला गावाच्या पुढे, हायवेवर. दारात मोटारीवर चालणारा धबधबा, आत प्लास्टिकची बोगनवेल, आणि एसी इतका गार की शाल मागावीशी वाटावी. पाटीवर मुलांसाठी 'स्पेशल टी' असं लिहिलेलं. तो स्पेशल टी तीन मजल्यांच्या स्टीलच्या थाळ्यांवर आला. वरच्या मजल्यावर पोस्टाच्या तिकिटाएवढी सँडविचं होती. चहा म्हणजे कोमट दूध आणि धाग्याला बांधलेली पुडी. ती पुडी कपात सोडून आपण उंदीर बुडाल्यासारखं तिच्याकडे बघत बसायचं. मुलीनं धागा धरून ती दोनदा वर काढली, पाहिली आणि परत सोडली.

"कसं काय भाऊजी? बोथला हे भेटते का?" मेहुणा म्हणाला.

"नाही भेटत," मी म्हणालो. कौतुकानं म्हणालो, असं त्याला वाटलं.

मग तो हैदराबादच्या शाळेचं सांगू लागला. शाळेत पोहायचा तलाव आहे, घोडा आहे. शिक्षक आहेत का ते त्यानं सांगितलं नाही. आपल्या बहिणीचं नावही त्यानं एकदा घेतलं. तिच्या नावावरचा प्लॉट त्यानं आठवण म्हणून ठेवला आहे, हे सांगताना.

तेवढ्यात दिवे मंद झाले आणि गाणं सुरू झालं. मेहुण्यानं फोनवर सांगितलं होतं, लहान मुलगी आहे, घरचं कार्य आहे, गोड पाहिजे. लहान मुलीचं दुसरं कोणतं कार्य असतं हे हॉटेलवाल्यांना ठाऊक नव्हतं. चार वेटर टाळ्या वाजवत केक घेऊन आले. एकानं मुलीला कागदी टोपी घातली, दुसऱ्यानं मला. माझ्या मुंडण केलेल्या डोक्यावर केस अजून आले नव्हते; टोपी सारखी घसरत होती आणि तो ती परत परत बसवत होता.

मी मेहुण्याकडे पाहिलं. त्यानं फोन काढला होता, व्हिडिओ घ्यायला.

"राहू द्या ना भाऊजी. लेकराले बरं वाटून राह्यलं."

केकवर एक मेणबत्ती होती. "पापा, ऊदम्मा, ऊदू!" वेटर गाल फुगवून तिला तेलुगूत फुंकायला सांगत होता. शेजारच्या टेबलांवरचे लोकही टाळ्या वाजवायला लागले. मुलगी खुर्चीवर उभी राहिली. तिनं दोन्ही हातांचा आडोसा मेणबत्तीभोवती धरला आणि वेटरला म्हणाली, "ते थंड बंद करा ना."

"अवं पोट्टे, फुंकर मार! काऊन थांबली?" मेहुणा म्हणाला.

"नाही मारत."

"बड्डेची हाय थे!"

"माहा बड्डे नाही."

मेहुणा हसला. ओणवा होऊन, तिच्या हातांवरून, त्यानं एका दमात फुंकून टाकली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लगेच त्यानं केकचा तुकडा तिच्या तोंडाशी धरला. "आ कर. मामाच्या हातचं गोड हाय." तिनं ओठ घट्ट मिटले. क्रीम ओठांवर पसरलं, हनुवटीवरून फ्रॉकवर पडलं. तिनं ते मनगटानं पुसलं. ती रडली नाही. चोरी पकडून द्यावी तशा आवाजात मला म्हणाली, "बाबा, मामानं फुंकर मारली."

मी टोपी काढून थाळ्यांच्या वरच्या मजल्यावर, सँडविचांत ठेवली.

"डिकी उघडा," मी मेहुण्याला म्हणालो. "बॅग काढायची आहे."

त्याला आधी कळलं नाही. कळल्यावर तो वेटरसमोर आवाज न चढवता म्हणाला, "भाऊजी, लेकरू हाय. हैदराबादला चार दिवस राह्यली का सारं भुलून जाईन."

"म्हणूनच," मी म्हणालो.

त्यानं डिकी उघडली. बॅग मी घेतली. फुगे आणि उरलेला केक तो आमच्याबरोबर देऊ पाहत होता; ते त्याच्याच हातात राहिले. आम्ही बसनं बोथला आलो.

आता गल्लीत चर्चा आहे. मेहुण्याचं फोनवर म्हणणं, क्रीम ओठाला लागलं म्हणजे झालं. आई म्हणते, तोंडात गेलं पाहिजे. शेजारच्या बायका एकेक बाजू घेऊन बसल्या आहेत; त्यांना पुष्कळ दिवस पुरेल. त्यांनी निकाल लावला तरी मी विचारायला जाणार नाही. तिला दुसरा मामा नाही. तेव्हा रिवाजानं आमच्या घरचा दुखवटा उतरलेला नाही, आणि आम्हा दोघांनाही त्याची घाई नाही.