बातमी परत घेणारे दस्तगीरचाचा

पंक्चर काढता काढता दस्तगीरचाचांच्या कानावर एखादी चांगली बातमी आली, की हातातली ट्यूब तशीच पाण्याच्या घमेल्यात राहायची. चाचा उठायचे, हात पुसायचे, खिळ्याला अडकवलेली जरीची टोपी डोक्यावर चढवायचे आणि चिंचवडच्या बाजारात चालू लागायचे. गिऱ्हाईक बिचारे आपल्या उघड्या चाकाकडे बघत दुकानात बसून राही. कुणाला मुलगा झालेला असो, कुणाची म्हैस व्यालेली असो, नाहीतर कुणाचा जावई रेल्वेत लागलेला असो, तो आनंद दुकानोदुकानी पोचवण्याचे काम आपलेच, असे त्यांनी ठरवून टाकले होते. ईद सोडली तर ती टोपी याच कामासाठी होती.

वाईट बातमी मात्र ते कधी सांगत नसत. कुणी विचारलेच तर म्हणत, "ती आपल्या पायांनी येती. तिला मानूस लागत न्हाई. चांगलीला हाताला धरून आनावं लागतं."

त्यांचे सायकलचे दुकान आणि माझ्या वडिलांचे शिलाईचे दुकान यांच्यामध्ये एक फळ्यांची भिंत होती, आणि त्या फळ्यांना इतक्या फटी होत्या की इकडे आबांचे मशीन थांबले तर तिकडून चाचा विचारायचे, "दोरा तुटला का काय, सदाशिवराव?" आमच्या घरातली कोणतीही गोष्ट चाचांपासून लपलेली नव्हती. आईची गोष्टसुद्धा नाही. माझी आई वर्षातले दोन-तीन महिने बोलणे सोडून द्यायची. भाकरी थापायची, पाणी भरायची, पण तोंडातून शब्द नाही. नातेवाइकांनी देवऋषी केले, अंगारे केले. गावात लोक कुजबुजत. मी शाळेत असताना कुणी आईबद्दल विचारले तर मी विषय बदलायचो. चाचा तेवढे त्या दिवसांत घराच्या दारात उभे राहून तिला रोजच्यासारखे विचारायचे, "काय भाभी, आज कालवन कशाचं?" आणि उत्तराची वाट न बघता म्हणायचे, "बरं बरं, झकास."

पुण्याला आगगाडीने जाऊन-येऊन मी बी.ए. झालो. शेवटच्या वर्षी मानसशास्त्राचा एक पेपर होता. त्यात पहिल्यांदा वाचले की माणूस असा महिनोन्‌महिने गप्प होतो त्यालाही कारणे असतात, आणि ती शोधणारे लोक जगात आहेत. मला त्या लोकांत जायचे होते. मी एम.ए.ला अर्ज केला. जागा मोजक्याच होत्या. थोड्या दिवसांनी मुलाखतीचे बोलावणे आले, आणि आबांनी मशीन थांबवून ते फळ्यांच्या फटीतून चाचांना सांगितले.

चाचा तिकडून इकडे आले. "म्हंजे घेतलं की तुला!"

"नाही चाचा, नुसतं बोलावलंय. आधी बघतात, मग ठरवतात."

"आरं जा! जेवाय बोलवून कुनी पानावरनं उठवतं व्हय?" चाचांच्या हिशेबी बोलावणे म्हणजेच होकार. घ्यायचेच नसेल तर माणसाला गाडीभाडे खर्च करायला लावून कोण कशाला बोलावेल? "आन शिकनार काय तिथं?"

"माणसाच्या मनाचा अभ्यास."

चाचांनी टोपी घातली. मी त्यांना अडवू शकलो असतो. नाही अडवले. खरे सांगायचे तर आपले नाव बाजारातून फिरणार या कल्पनेने मला गुदगुल्या झाल्या होत्या. शिंप्याच्या पोराला एरवी कोण विचारतो! चाचांनी पदरचे पेढे घेतले आणि स्टेशनापासून गिरणीपर्यंत एकही दुकान सोडले नाही. शेवटच्या दुकानापर्यंत बातमीने चांगलेच बाळसे धरले होते. वसंताला पुण्याला घेतले, तो आता माणसाच्या मनातले ओळखणार, आणि दोन वर्षांनी प्रोफेसर होणार.

दुसऱ्या दिवसापासून माझी वाट अडवली जाऊ लागली. गिरणीवाल्या अनसूयाबाईंची नथ हरवली होती. त्यांनी तिघांची नावे घेतली आणि म्हणाल्या, "बघ रं बाबा, कुनाच्या मनात पाप हाय?" किराणावाले नेमीचंदशेठ गल्ल्यावरून हाक मारायचे, "प्रोफेसर, माझ्या मनात आत्ता काय आहे, ओळखा बघू!" मी हसून पुढे जायचो. मनातून सुखावतच जायचो, याची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

मुलाखत इंग्रजीत होती. समोर तिघेजण बसले होते, आणि तिघेही सभ्य होते, म्हणजे त्यांना दोष द्यायचीही सोय नाही. हा विषय का निवडला, असे त्यांनी विचारले. मला आई आठवली. परंतु परक्या माणसांपुढे आईचे गप्प बसणे कसे मांडायचे? मी मानवजातीच्या कल्याणाबद्दल पाठ केलेली चार वाक्ये म्हणून दाखवली. मग त्यांनी संख्याशास्त्रातले काही विचारले. ते सोपे होते, हे मला बाहेर आल्यावर कळले. आत असताना मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिलो. दुपारी कारकून बाहेर आला, त्याने चौघांना थांबायला सांगितले आणि बाकीच्यांना म्हणाला, "तुम्ही गेलात तरी चालेल." तो अगदी साध्या आवाजात म्हणाला. मी बाकीच्यांत होतो.

चिंचवडला उतरलो, पण बाजारातून जायचा धीर झाला नाही. नदीकडच्या वाटेने वळसा घालून मागच्या दाराने दुकानात शिरलो. आबांनी मान वर केली. मी म्हणालो, "नाही घेतलं." आबांचे मशीन थांबले. फळ्यांच्या पलीकडे पाना आपटत होता, तोही थांबला. चाचांनी या वेळी दोरा तुटला का, असे विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या घरी आले, आणि डोक्यावर ती जरीची टोपी होती. मला वाटले, या माणसाला वेड लागले.

"ऊठ वसंता. चल."

"कुठं?"

"खबर परत घ्यायला. दिली आपुन, मंग परत कोन घेनार?"

"चाचा, तुम्ही पुरे करा आता! तुमच्यामुळंच झालंय हे सगळं," मी ओरडलो. "तुम्ही गावभर केलं नसतं तर मला तोंड लपवावं लागलं नसतं."

आई चुलीपाशी होती. तिने वळून माझ्याकडे बघितले. चाचांनी मान डोलावली. "व्हय," ते म्हणाले, "खरं हाय ते." आणि एकटेच गेले. मी पांघरूण डोक्यावरून ओढून घेतले. बाहेर चांगले ऊन आले होते.

पुढचे मला अनसूयाबाईंनी सांगितले. चाचा स्टेशनापासूनच सुरू झाले होते, ज्या क्रमाने पेढे दिले होते त्याच क्रमाने. एकही दार चुकवले नाही. प्रत्येक दुकानापुढे उभे राहून एकच बोलणे. "परवा दिलेली खबर परत घ्यायला आलोय. वसंताला निस्तं बघाय बोलवलं हुतं. मला अडान्याला कळलं न्हाई. चूक माझी हाय, पोराची न्हाई." काही लोक चुकचुकले. काहींनी बसवून चहा दिला. नेमीचंदशेठना मात्र चेव आला. ते म्हणाले, "अरेरे! सगळ्यांच्या मनातलं ओळखणार होता, साहेबांच्या मनातलंच राहिलं!" दुकानातली माणसे खो-खो हसली. चाचा ते हसणे संपेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "हसा शेठ, पन मी हाय तवरच हसून घ्या. पोरगं भायेर आल्यावर न्हाई." ज्या माणसाने जन्मात कुणाला वाईट बातमी सांगितली नव्हती, तो त्या दिवशी दुपारपर्यंत माझी वाईट बातमी सांगत फिरत होता, आणि मी पांघरुणात होतो.

आठवडाभराने मी बाहेर पडलो. लोक हसतील असे धरूनच निघालो होतो, पण झाले काहीच नाही. नेमीचंदशेठनी "ये वसंता" म्हटले आणि साखर तोलली. अनसूयाबाईंनी नथ सापडल्याचे सांगितले, ती पिठाच्या डब्यात होती. मला कुणी काही विचारले नाही, कारण विचारायला शिल्लकच काही नव्हते. जे लपवण्यासाठी मी कोंडून घेतले होते, ते चाचा कधीच वाटून मोकळे झाले होते. हे कळूनही मी त्यांच्याकडे गेलो नाही. त्यांच्या दुकानावरून जाताना मान खाली घालायचो. ते म्हणायचे, "काय वसंता?" मी म्हणायचो, "काही नाही." तेवढ्यावर आमचे बोलणे आले होते.

पिंपरीला तेव्हा औषधाचा नवा कारखाना उभा राहत होता. तिथल्या कचेरीत मला कारकुनी मिळाली. माणसांची हजेरी मांडायची, कोण गैरहजर राहिला त्याचे कारण विचारायचे. कारण विचारायचे ते काम मला आवडायचे. वर्ष गेले आणि मी पुन्हा अर्ज केला. या वेळी मी शहाणा झालो होतो. बोलावणे आले ते आबांनाही सांगितले नाही. पोट दुखते म्हणून रजा टाकली, पुण्याला गेलो, संख्याशास्त्राची उत्तरे दिली, मानवजातीच्या कल्याणाची वाक्ये थोडी बदलून म्हटली, आणि कारकुनाने पुन्हा "तुम्ही गेलात तरी चालेल" म्हटल्यावर परत आलो. दुसऱ्या दिवशी कामावर हजर झालो.

कुणाला काही माहीत नव्हते. कुणी हसणार नव्हते, चुकचुकणार नव्हते. मला वाटले होते, असे झाले म्हणजे लाज वाटणार नाही. पण दुपारी डबा उघडला आणि तसाच बंद केला. शेजारचा सोबती विचारत होता, "पोट अजून दुखतंय का राव?" मी हो म्हणालो. नाकारला गेलो होतो हे एक, आणि ते एकट्याने गिळायचे हे दुसरे. संध्याकाळी सायकल मी घराकडे वळवली नाही. चाचांच्या दुकानापुढे येऊन उतरलो.

ते चाकाचे आरे ताणत बसले होते. मी म्हणालो, "चाचा, यंदाही नाही घेतलं."

त्यांनी पाना खाली ठेवला. "यंदा? बोलवनं आल्तं व्हय?"

"आलं होतं."

"आन मला न्हाई सांगितलंस?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. वाईट वाटले होते, ते स्पष्ट ऐकू आले. मला वर बघवेना.

"तुम्ही गावभर केलं असतं, चाचा."

"केलं असतं," ते लगेच म्हणाले. मग चाक एकदा फिरवून बघितले, आणि ते थांबल्यावर म्हणाले, "केलं असतंच. पन मंग परत घ्यायला बी मीच गेलो असतो की."

मी तिथेच, उलट्या ठेवलेल्या सायकलींच्या मध्ये बसलो आणि रडलो. पलीकडे आबांचे मशीन थांबले होते. चाचांनी फटीकडे तोंड करून सांगितले, "दोरा न्हाई सदाशिवराव, कायबी न्हाई. तुमी चालू द्या." मग माझ्याकडे वळून हळूच विचारले, "तिथं भाभीचं सांगितलंस का?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"का?"

"लाज वाटली."

घमेल्यातले पाणी चाचांनी रस्त्यावर ओतले, आणि मला सायकली आत घ्यायला मदत करायला लावली.

तिसऱ्या वर्षी बोलावणे आले तेव्हा मी ते घेऊन पहिल्यांदा चाचांकडे गेलो. "जा, सांगा," म्हणालो. चाचांनी माझ्याकडे निरखून पाहिले. "नक्की?" "नक्की." टोपी चढवून ते बाहेर पडले, आणि मी त्यांच्या अर्धवट राहिलेल्या गिऱ्हाइकाची समजूत काढत दुकानात बसलो.

मुलाखतीला तेच तिघे होते. विषय का निवडला, असे त्यांनी विचारले, आणि मी आईचे सांगितले. इंग्रजी अडखळले तेव्हा मराठीत सांगितले. अंगाऱ्यांचे सांगितले, लोक काय म्हणत ते सांगितले, मी विषय बदलायचो तेही सांगितले. माझे कान तापले होते. पण तिघांपैकी एकानेही मध्ये तोडले नाही. माझे झाल्यावर सगळ्यांत वयस्कर गृहस्थांनी चष्मा काढून पुसला आणि आईची आता तब्येत कशी असते, असे विचारले.

त्यांनी मला घेतले नाही. माझ्यापेक्षा जास्त गुण असलेली मुले होती आणि जागा तेवढ्याच होत्या. त्यानंतर मी अर्ज केला नाही, कारखान्यातूनच निवृत्त झालो. चाचांना जाऊन आता खूप वर्षे झाली.

त्या वर्षी पुण्याहून परतलो तेव्हा मी नदीकडच्या वाटेने गेलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा टोपी घालून आमच्या दारात आले, तेव्हा मी सदरा घालून तयारच होतो. आम्ही दोघे स्टेशनापासून सुरू झालो. पहिल्या दुकानाशी चाचांनी बोलायला तोंड उघडले. मी त्यांच्या दंडाला हात लावला आणि म्हणालो, "थांबा चाचा, मी सांगतो."