वेंडेलीनचं पिंप

वेंडेलीन आमच्याच गल्लीतल्या शिंप्याचा मुलगा. पाद्रीबुवांनी त्याला लॅटिन शिकवलं आणि पोरगं बापाच्या हातून गेलं. इटलीत पादुआला शिकला, व्हेनिसहून जहाजाने पार अलेप्पोपर्यंत जाऊन आला आणि जाईल तिथे पुस्तकं घेत सुटला. पुस्तकं सुट्या कागदांचीच मिळतात, बांधणी ज्याची त्याने करायची. त्यामुळे ती पिंपांत भरून येतात, आणि ती सगळी पिंपं माझ्या खाणावळीच्या माळ्यावर. लग्नाचं विचारलं की म्हणायचा, "मावशी, जागा कुठाय?"

त्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या उपासात ऱ्हाईनवरून हॉलंडचा माल आला. वेंडेलीनने आपलं पिंप उघडलं तर आत खारवलेले हेरिंग मासे. मी खूश झाले, तो मात्र पांढराफटक पडला. एका खलाशाने लिहिलेलं पूर्वेच्या प्रवासाचं जर्मन पुस्तक त्यात यायचं होतं. दुसरी प्रत मिळण्याची आशा नव्हती.

पिंपांची अदलाबदल झाली असणार म्हणून आम्ही मासळीबाजारात धावलो. पुड्या बांधायला रद्दीही पिंपातूनच येते, तेव्हा बिल्ला मासेवालीने आमचे कागद रद्दीच समजून मासे बांधायला घेतले होते.

"या खेपेची रद्दी झकास आहे," ती म्हणाली. "फाटत नाही मेली."

"बिल्ला, ते पुस्तक आहे."

"असेल. माझे मासे कुठायत ते सांग आधी."

मग आम्ही दारोदार फिरलो. कुणी कागद खिडकीच्या फटीत कोंबला होता, कुणी पावाखाली घातला होता. जो तो आधी वेंडेलीनला जेवायला बसवी, मग कागद देई. संध्याकाळी एकच पान उरलं. ते दोर वळणाऱ्या आफ्राकडे होतं. बाई विधवा, जिभेने तिखट, आणि जर्मन वाचता येणारी.

"देणार नाही," ती म्हणाली. "इथे जहाज बुडतंय. माणसं वाचतात का ते सांगा, मग न्या."

वेंडेलीन घुटमळला. "ते... पुढच्या पानावर असेल."

"असेल म्हणजे? पुस्तक तुमचंच ना?"

"आजच आलंय, बाई."

"आणि ती माळ्यावरची? ती तरी वाचलीत?"

इतका शिकलेला माणूस, पण आपल्या जोड्यांकडे बघू लागला. मला हसू आवरेना आणि त्याची कीवही आली.

आफ्राने दोराची गुंडाळी बाजूला सारून टेबल पुसलं. "बसा. लावा पानं."

माशांच्या वासाची पानं त्याने क्रमाने लावली आणि मोठ्याने वाचू लागला. पुस्तकात तुफान आलं तेव्हा तिने हातातलं काम टाकलं. खलाशी किनाऱ्याला लागले तेव्हा वेंडेलीनच आनंदाने ओरडला. पुस्तक विकत घेताना तो इतका खूश झालेला मी कधी पाहिला नव्हता.

आफ्राने पान त्याच्यापुढे सरकवलं. "घ्या. झालं तुमचं पुस्तक पुरं."

त्याने घेतलं नाही. म्हणाला, "उद्या दुसरं आणू?"

"आणा. पण आधी चाळून आणू नका. दोघांनी मिळूनच बघू."

वसंतात तो पुन्हा इटलीला निघणार होता. बोचकंसुद्धा बांधून तयार होतं. माझा नवरा रोज विचारी, कधी निघतोस? आणि हा रोज संध्याकाळी एक पुस्तक घेऊन आफ्राकडे जाई. शेवटी मीच ते बोचकं सोडलं आणि त्याचे सदरे आफ्राच्या घरी नेऊन दिले.