दाईची मोहफुलं आणि आमचं विमान

किस्से जमवायचे असतील तर माणसानं फायर चौकीत नोकरी करावी. वर्षातले दहा महिने आम्ही बसून असतो, दोन महिने धावतो, आणि त्या दोन महिन्यांत जे घडतं ते उरलेले दहा महिने एकमेकांना सांगत बसतो. इतक्यांदा सांगतो की कोणता किस्सा कोणाचा हेही विसरायला होतं. म्हणून माझ्या वाट्याचे मी लिहून ठेवते आहे. नाहीतर मेश्राम काका तेही स्वतःच्या नावावर खपवतील!

आमची चौकी उतईच्या रस्त्यावर. लाल गाडी एक, टेलिफोन एक, सायरन एक. चौकीचे मुख्य वानखेडे साहेब, अमरावतीकडचे. मेश्राम काका सगळ्यात जुने फायरमन, भंडाऱ्याचे. गाडी चालवणारे बिसाहू भैया इथलेच, छत्तीसगढी. साहेबांच्या हाताखाली आणखी चार फायरमन. आणि बी.ए. होऊन टेलिफोनवर बसलेली मी, कुंदा. भिलाईतून सायकलनं येते, आणि ट्रकचा हॉर्न वाजला की सायकलवरून उतरते.

*

पहिल्या दिवशी फोन वाजला आणि मी अशी दचकले की खुर्चीसकट मागे गेले. पडताना आधाराला हात लावला तो नेमका सायरनच्या बटणाला!

मी उठून पदर सावरेपर्यंत सगळे बूट, हेल्मेट चढवून गाडीवर. बिसाहू भैयांनी इंजिन चालू करून विचारलं, "कहाँ जाना है मॅडम?"

मी रिसीव्हर उचलला. पलीकडच्या बाईला दुर्गचा कपड्याचा दुकानदार हवा होता.

मेश्राम काका हेल्मेट काढत म्हणाले, "पोरी, आगीले भ्यावं. फोनले कायले भेतं वं?"

मला वाटलं, गेली नोकरी. साहेबांनी शांतपणे रजिस्टर उघडलं आणि लिहिलं : "अचानक ड्रिल घेतली. पन्नास सेकंदांत गाडी तयार. उत्तम."

*

आता खैरडीहबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिथलंच.

उतईच्या पुढे तासभर गाडी हाकली की जंगल सुरू होतं. त्याच्या कडेला खैरडीह. कवेलूंची, म्हणजे कौलारू घरं, माळ्यावर भाताचा पेंढा, भिंतींना टेकून सुका पाचोळा. चैतात मोहाची फुलं गळतात. पाचोळ्यात पडलेली फुलं वेचता येत नाहीत, म्हणून बाया आधी झाडाखालचा पाचोळा जाळतात. एखादीची आग नीट विझली नाही की ती जंगलात शिरते, आणि वारा फिरला की गावाकडे येते.

गावातलं शेवटचं घर, अगदी जंगलाला खेटून, आमच्या बिसाहू भैयांच्या आईचं. सगळं गाव तिला दाई म्हणतं.

साहेबांनी तिला हात जोडून सांगितलं, "दाई, घराच्या मागं दहा हात पट्टा साफ ठेवा. पाचोळा नको, काडी नको."

दाई म्हणाली, "चालीस बछर होगे, मोर घर नइ जरिस. तोर गाड़ी आथे त धुर्रा भर उड़थे!" म्हणजे चाळीस वर्षांत घर काही जळलं नाही, आणि तुमची गाडी येते तेव्हा नुसती धूळ उडते.

परतताना आम्ही हसत होतो. बिसाहू भैया नव्हते हसत. स्टिअरिंगवर नजर ठेवून म्हणाले, "जिस दिन आग आएगी, पहिला घर माँ का जलेगा. और मैं ये गाड़ी लेकर रस्ते में रहूँगा."



*

वानखेडे साहेबांनी नागपूरच्या ट्रेनिंगमध्ये एक फिल्म पाहिली होती. परदेशात विमानं जंगलावर पाणी ओततात! तेव्हापासून साहेबांना विमानाचं वेड. भोपाळला, राज्य सरकारकडे विमान मागायचं पत्र त्यांनी सात वेळा लिहिलं आणि सातही वेळा फाडलं. शेवटी फ्लाइंग क्लबचे कॅप्टन गिल यांना गाठलं. त्यांच्याकडे दोन सीटचं, खेळण्यासारखं विमान.

कॅप्टन म्हणाले, "साहब, इसमें दो आदमी बैठते हैं और एक टिफिन. पानी भूल जाओ."

साहेब कसले विसरतात! त्यांनी भिलाईच्या क्वार्टरांतून शेकायच्या रबरी पिशव्या गोळा केल्या. अकरा मिळाल्या. अकरा सासवांचे गुडघे त्या दिवशी वाऱ्यावर! पिशव्यांत पाणी भरलं, खैरडीहबाहेरच्या शेतात पाचोळ्याचा ढीग पेटवला, आणि साहेब स्वतः विमानातून पिशव्या टाकायला वर गेले.

दहा पिशव्या कुठं पडल्या ते आजवर कळलं नाही. अकरावी दाईच्या अंगणात, वाळत घातलेल्या मोहफुलांच्या मधोमध फुटली.

पाचोळ्याचा ढीग आपला आपण विझला.

"मोर महुआ!" दाई काठी घेऊन विमानामागे शेताच्या बांधापर्यंत धावली. मग फाटकी पिशवी उचलून कमरेला खोचली आणि सगळ्या गावाला ऐकवलं, "आज ले आसमान ले जउन गिरही, तउन मोर!" आभाळातून जे पडेल ते माझं. दंड म्हणून!

साहेबांनी रजिस्टरमध्ये लिहिलं : "पाणी लक्ष्यापासून थोडं दूर पडलं."

*

पाणी नाही तर नाही, साहेब म्हणाले, विमान डोळा होईल. वरून पाहायचं, आग कुठं निघाली ते कागदावर लिहायचं, कागद डब्यात घालायचा, डब्याला लाल फीत बांधून गाडीजवळ टाकायचा. आमचा वायरलेस विमानात चालत नव्हता.

पण वर बसणार कोण? वजन कमी हवं. साहेबांनी आम्हाला सगळ्यांना उतईच्या धान्य दुकानातल्या काट्यावर उभं केलं. मी तर ज्वारीच्या पोत्याइतकीही भरले नाही.

"कुंदा, तूच!"

घरी सांगितलं तर आई पोळी लाटता लाटता थांबली. "इमानात? तुले लगन करायचं हाय का नाही?"

बाबा पेपरामागून म्हणाले, "जाऊ दे. खाली तरी कुठं करून राहिली?"

धावपट्टीवर कॅप्टननी विचारलं, "डर लगता है?"

"हो."

"अच्छा है. जो डरता है, वो नीचे देखता रहता है."

पहिल्या फेरीत मी खरंच डोळे मिटले नाहीत. फक्त कॅप्टननी इशारा केला तेव्हा अशी दचकले, की हाताला लागला तो डबा खिडकीतून फेकला. धावपट्टीवर उतरल्यावर पाहते तर लाल फितीचा डबा माझ्या मांडीवरच!

खाली मेश्राम काकांना मिळाला होता कॅप्टनचा टिफिन. चार पराठे. संध्याकाळी त्यांनी रिकामा डबा धुऊन परत दिला आणि साहेबांना रिपोर्ट दिला, "संदेश चांगला होता साहेब. लोणचं तेवढं पायजे होतं."

*

आणि मग तो चैतातला दिवस.

दुपारी फोन वाजला. खैरडीहच्या टेकडीवर धूर. गाडी सुटली, मी सायकलनं नाही, साहेबांच्या स्कूटरवर धावपट्टीला. आम्ही वर पोचलो तेव्हा लाल गाडी टेकडीच्या पायथ्याशी लागलेली, आणि गावातले सगळे पुरुष ओल्या फांद्या घेऊन तिच्यासोबत. धूर टेकडीवर, माणसं टेकडीवर, सगळं बरोबर.

फक्त वारा फिरला होता.

टेकडीच्या मागे सुकलेला नाला आहे. त्याच्या पात्रात एक बारीक नारिंगी रेघ चालत होती. धूर जवळजवळ नव्हताच. खालून ती कोणालाच दिसणार नव्हती. नाल्याची वाट मी दुसऱ्या टोकापर्यंत बोटानं धरत गेले, आणि बोट दाईच्या घरावर थांबलं.

मी लिहिलं, "आग नाल्यात. दाईचं घर. मागे फिरा." घाईत 'दाई' पूर्ण ओळभर झाली. या वेळी लाल फितीचाच डबा टाकला. तो गाडीपासून वीस पावलांवर पडला. बिसाहू भैया वाकले, आणि पुढच्या क्षणी गाडी वळत होती.

पण टेकडीला वळसा म्हणजे अर्धा तास. रेघ त्याच्या आत पोचणार होती. गावात फक्त बाया, आणि त्या सगळ्या पुढच्या अंगणात, टेकडीचा धूर पाहत उभ्या. घरामागे कोणी नाही.

"कॅप्टन, खाली! घराच्या मागे!"

"मेसेज का डिब्बा है?"

नव्हता. असता तरी दाईला कुठं वाचता येत होतं! आम्ही कवेलूंवरून इतके खाली गेलो की दाई मला ओळखू आली. तिनं मोहफुलांवर पोतं ओढलं आणि काठी उगारली.

तेव्हा मला तिचा दंड आठवला.

मी कॅप्टनचा टिफिन उचलला आणि घरामागे, नाल्याच्या तोंडाशी टाकला. मग माझी उजवी चप्पल. पुढच्या फेरीत डावी.

दाई आपला माल गोळा करायला काठी टेकत घरामागे धावली. टिफिन उचलला. एक चप्पल उचलली. दुसरीसाठी वाकली, आणि तशीच वाकलेली थांबली. नाल्यात पाहत.

मग तिनं जी हाक मारली, ती इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आली नाही. पण एकाएकी घरामागे लुगडीच लुगडी झाली. खराटे, सुपं, हातपाय! चाळीस बछर जी जागा साफ झाली नाही ती बघता बघता लख्ख. दहा हात नाही, वीस हात! पट्टा झाला तशी दाईनं सगळ्यांना मागे सारलं, पलीकडच्या कडेला स्वतः उकिडवी बसली आणि पाचोळ्याला काडी लावली. मोहाखालचा पाचोळा जन्मभर जाळलेला हात तो! तिची आग नाल्याकडे चालत गेली, नाल्यातली आग इकडे आली, दोघी मध्ये भेटल्या, आणि खायला काहीच उरलं नाही म्हणून दोघीही बसल्या.

कॅप्टन गिल ओरडत होते, मी ओरडत होते, काय ओरडत होतो देव जाणे. मी दचकले मात्र नव्हते. एकदाही नाही!

धावपट्टीवरून साहेबांनी मला अनवाणीच स्कूटरवर बसवलं आणि खैरडीहला आणलं. खैरडीहचं एकही घर जळलं नव्हतं. लाल गाडी दाईच्या दारात उभी होती. बिसाहू भैया पायरीवर बसून तोंड गमछ्यात लपवून रडत होते, मेश्राम काका त्यांची पाठ थोपटत होते.

दाई मधोमध बसली होती, काजळीनं काळी. पायात माझ्या चपला. मांडीवर उघडा टिफिन, शेवटचा पराठा हातात.

तिनं मला जवळ बोलावलं, वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "डब्बा मा अचार काबर नइ रिहिस?" डब्यात लोणचं का नव्हतं म्हणे!