मायक्रॉनकाकांची हिरवी चिठ्ठी

मायक्रॉनकाका "अर्धा कप चहा" म्हणाले, की अर्ध्याची रेघ कपावर नेमकी कुठे येते हे त्यांनी आधीच ठरवलेलं असे. शेजारच्या मोठ्या कारखान्यात पस्तीस वर्षं तपासणी विभागात काढलेला माणूस. केसाच्या जाडीइतका फरक पकडायचा, हेच काम. निवृत्तीनंतर त्यांनी भोपाळच्या सोनागिरीत आमच्या शेजारी घर बांधलं, तेव्हा गवंडी तीनदा काम सोडून पळाला होता. काकांचं खरं नाव फक्त पोस्टमनला ठाऊक होतं.

कारखान्यात पास झालेल्या मालाला हिरवी चिठ्ठी बांधत, नाकारलेल्याला लाल. नाकारलेला नग पुन्हा घासूनपुसून बरोबर झाला, तर हिरव्या चिठ्ठीवर "दुरुस्तीनंतर पास" असं लिहीत. काकांच्या मते असा नग सर्वांत भरवशाचा. निवृत्त होताना लोक शाल-श्रीफळ घेऊन येतात. काका रीतसर परवानगी काढून उरलेल्या चिठ्ठ्यांचे दोन गठ्ठे घेऊन आले. एका दिवाळीत माझ्या आईच्या चकल्यांना लाल चिठ्ठी मिळाली: "व्यास असमान." आई आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. पुढच्या वर्षी हिरवी मिळाली, ती मात्र तिने देवघरात जपून ठेवली.

काकू गेल्यानंतर दोन वर्षांनी काकांच्या हृदयाने कुरकूर केली. डॉक्टरांनी रोज अर्धा तास सावकाश सायकल चालवायला सांगितली. बंगळूरच्या मुलाने, म्हणजे सुहासने, मनगटावर बांधायचं घड्याळ पाठवलं. काकांनी किती सायकल चालवली, नाडी किती धावली, सगळं तिकडे त्याच्या फोनवर दिसे. अट एकच होती: आकडे नीट आले तर बाबांनी भोपाळला एकटं राहावं, सलग आठवडाभर खाडा झाला तर मुकाट्याने बंगळूरला यावं. काकांना जायचं नव्हतं. "इथे मला प्रत्येक गोष्टीचं माप माहीत आहे रे," ते म्हणाले. "तिथे दूधवाला किती लांब आहे, हेसुद्धा सुनेला विचारावं लागेल."

आमच्या कॉलनीतल्या बाकीच्या निवृत्तांनाही मुलांनी अशी घड्याळं पाठवली होती. एक माजी अधिकारी चहाच्या टपरीवर बसून हात हलवत दहा हजार पावलं पुरी करत. दुसरे आपलं घड्याळ नातवाच्या हाताला बांधून क्रिकेट खेळायला पाठवत. घड्याळांच्या मते सोनागिरीत आजारी कुणीच नव्हतं.

काकांनी मात्र घड्याळाचीच तपासणी काढली. ते सायकलवर बसले, मी ढकलली, आणि टायरवरच्या खडूच्या खुणेने चाकाची एक फेरी मोजली: दोन हजार दोनशे अठरा मिलिमीटर. "माणूस बसलेला असतानाच मोजायचं. वजनाने टायर दबतं." मग फेऱ्या मोजून पुलापासून पाण्याच्या टाकीपर्यंत एक किलोमीटर आखला. चारशे एक्कावन्न फेऱ्यांना बत्तीस सेंटिमीटर जास्त होतात, म्हणून शेवटची रेघ तेवढी मागे घेतली. घड्याळाने तेच अंतर चाळीस मीटर जास्त दाखवलं. त्याला तात्काळ लाल चिठ्ठी.

दोन दिवसांनी दोष सापडला. घड्याळाला उपग्रह मिळायच्या आधीच काका पेडल मारत होते. मग ते रोज सकाळी टपरीसमोर सायकल धरून निश्चल उभे राहू लागले. टपरीवाले बब्बूभाई अस्सल भोपाळी बोलीत विचारत, "को खां, किसकी राह देख रिये हो?"

"सैटेलाइट की."

"अच्छा। तब तक चाय डाल दूँ?"

पट्टा मनगटाच्या हाडापासून एक बोट वर, ना सैल ना घट्ट. नाडी बरोबर यावी म्हणून हँडल आवळून धरायचं नाही. थांबलं की नोंद थांबवायची. अखेर घड्याळ पास झालं आणि काका वर्षभर निर्धास्त राहिले.

डिसेंबरात ते तापाने पडले. पाच दिवस गेले, सहावा उजाडला. मला राहवलं नाही. डबा द्यायला गेलो आणि चार्जिंगला लावलेलं घड्याळ खिशात घालून निघालो. तीन दिवस मी त्यांच्या नावावर सायकल चालवली. सुहास खूश! "बाबा, नाडी अगदी तरुण माणसाची आहे!"

ताप उतरल्यावर काकांनी नोंदी पाहिल्या. दुसऱ्या दिवशी माझ्या फाटकाला लाल चिठ्ठी होती. "खोटे माप." खाली सही.

मी तणतणत त्यांच्याकडे गेलो. त्यांचं घर वाचवलं आणि वर मलाच नाकारतात! पण काकांचा फोन चालू होता आणि स्पीकरवर सुहास बोलत होता. "बाबा, तुम्ही उगाच काहीतरी सांगताय. घड्याळ बिघडलं असेल. हा मागे शेजारच्या दादाचा आवाज ना? दादा, तूच सांग, घड्याळच बिघडलंय ना?"

एक "हो" म्हटलं असतं, तर काका राहिले असते. काका माझ्याकडे बघत होते. नुसते बघत होते, जसे एखाद्या नगाकडे बघत.

"घड्याळ बरोबर आहे," मी म्हणालो. "सायकल मी चालवली."

जानेवारीत सुहास येऊन त्यांना घेऊन गेला. मी स्टेशनवर गेलो नाही, मला रडू आलं असतं. काकांनी फाटकातूनच सायकलची किल्ली माझ्या हातात दिली. "हवा आठवड्याला बघ. टायर बदललंस तर घेर पुन्हा मोज," म्हणाले आणि गाडीत बसले.

संध्याकाळी सायकल आत घेताना हँडलला बांधलेली हिरवी चिठ्ठी दिसली. सायकलचीच असणार म्हणून वाचली. नगाच्या जागी माझं नाव होतं. त्याखाली त्या रेखीव अक्षरात लिहिलं होतं: "दुरुस्तीनंतर पास. पुन्हा तपासणीची गरज नाही."

काकांना आयुष्यात चुकताना मी तेवढंच एकदा पाहिलं. ती गरज मला अजून रोज वाटते.