झाडण कोणाचं?

सुनेनं परवा बिनवायरचा झाडू आणला. झाडू कसला, काठीच ती. खाली चपटं तोंड, वर मूठ. भिंतीला टांगून चार्ज करायचा आणि घरभर फिरवायचा. मला म्हणाली, "आई, तुमच्याकडं म्हणे फार पूर्वी असं मशीन होतं. सांगा बरं, फायदे काय, तोटे काय?"

फायदे मी पटापट सांगितले. कंबर वाकवावी लागत नाही. पलंगाखाली जातो. धूळ उडून पुन्हा तिथंच बसत नाही. तोट्यांचं म्हटलं, बॅटरी संपते, डबी लहान आहे, आणि पोछा मारायचा तो मारावाच लागतो. तिचं समाधान झालं. खरा तोटा मी सांगितलाच नाही. चाळीस वर्षं होत आली, अजून कोणालाच सांगितलेला नाही. लाज वाटते, दुसरं काय.

माझं सासर तुमसरचं. पुढं धान-तांदळाचं दुकान, बाजूला गोदाम, मागं घर, मधे एक दार. गावात राइस मिल इतक्या की हवेतच कोंडा. सकाळी पुसलेल्या आरशावर दुपारी बोटानं नाव लिहून घ्यावं. मी नागपूरची, बीए झालेली, आणि नाकाचा शेंडा जरा वरच. "शी, काय ही धूळ!" हे मी पहिल्या वर्षात इतक्यांदा म्हटलं की सासरे मी येताना दिसले की आधी खुर्ची झटकायचे.

दुकानात दिवसभर कट्टे, म्हणजे धान-तांदळाची पोती, उतरायचे, तोलले जायचे, रचले जायचे. हमालाच्या पाठीवरून, काट्यावरून, नमुना काढायच्या लोखंडी नळीतून दाणा सांडतच राहायचा. संध्याकाळी झाडायला एक बाई यायची. पन्नाशीची, काटक, मूळची सिहोऱ्याकडची. नवरा मिलमध्ये होता, तो वारला. विधवा लेक आणि तिची दोन लेकरं हिच्याच पदरात. सगळे तिला मावशी म्हणायचे. मावशी आमचं दुकान झाडायची, समोरचं झाडायची आणि त्याच्या बाजूचंही झाडायची.

झाडून झालं की ती ओट्यावर बसून सगळा केर सुपात घ्यायची आणि पाखडायची. माती उडून जायची, खडे एका कडेला व्हायचे, आणि सुपात तांदूळ, कणी, थोडं धान असं दोन-तीन ओंजळी उरायचं. त्यातली एक चिमूट ती आमच्या उंबऱ्यावर ठेवायची, चिमण्यांसाठी. बाकीचं पदरात बांधायची. हे मी रोज बघत होते. बघत होते म्हणजे डोळे उघडे होते, एवढंच.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. नागपूरहून टाय लावलेला एक माणूस मशीन घेऊन दारात आला. आमच्याच गादीवर पांढरा रुमाल ठेवून त्यानं मशीन चालवलं आणि रुमाल उचलून दाखवला. काळाकुट्ट! शेजारच्या तीन बायका उभ्या होत्या. सासूबाईंचं तोंड एवढंसं झालं. मी मात्र खूश. बघा, मी म्हणतच होते! यांच्या मागं लागून लागून चार दिवसांत मशीन घरात आणलं. उभी लोखंडी नळी, मागं कापडी पिशवी, आणि आवाज असा की गोठ्यातली गाय दावं ओढायची. गल्लीतल्या बाया बघायला यायच्या. मी पदर खोचून पलंगाखाली नळी घालायची आणि जणू विमानच चालवते आहे असं तोंड करायची.

मशीनची वायर आखूड होती. घरातल्या प्लगला लावली की मधल्या दारापर्यंत पोचायची, पुढं नाही. मी तिथं उभी राहून दुकानाकडं बघायची आणि वायरला शिव्या घालायची. आज वाटतं, ती आखूड वायर माझ्यापेक्षा शहाणी होती. पण मी गप्प बसणाऱ्यातली नव्हते. वायरमन बोलावला, पार कट्ट्यांच्या शेवटच्या थप्पीपर्यंत जाईल अशी लांबलचक वायर जोडून घेतली.

नेमक्या त्याच दिवसांत सासूबाई गोंदियाला गेल्या होत्या, नणंदेच्या बाळंतपणाला. त्या असत्या तर पुढचं घडलंच नसतं. पुरुषांचं काय, त्यांची नजर तराजूच्या काट्यावर, खाली जमिनीकडं कोण बघतो!

पहिल्या संध्याकाळी मावशी आली, तोवर मी दुकान लख्ख करून ठेवलं होतं. मी ऐटीत म्हटलं, "मावशी, आता तुम्हाले वाकायचं काम नाही. महिन्याचं जे मिळते ते मिळत राहील. बसा आरामात." मला खरंच वाटत होतं की मी उपकार करून राहिले आहे. ती बाई दिवसभर खोकायची, कंबर धरून उठायची. मला वाटलं, दुवा देईल.

मावशीनं जमिनीकडं पाहिलं. मग मशीनच्या फुगलेल्या पिशवीकडं पाहिलं. "बरं, सूनबाई," म्हणाली आणि ओट्यावर बसली. मांडीवर सूप. रिकामं.

दुसऱ्या दिवशीही आली, बसली. तिसऱ्या दिवशीही. काम नाही तर ही रोज येते कायले, असं माझ्या मनात आलं. मशीनची गंमत बघायला येत असेल, असं मीच ठरवून टाकलं. पिशवी भरली की मी ती मागच्या अंगणात नेऊन उकिरड्यावर उलटी करायची आणि नाक दाबून आत यायची. पिशवी जड लागायची. धुळीला इतकं वजन कसं, हा विचार काही बीए झालेल्या डोक्यात आला नाही.

दहा-बारा दिवस झाले असतील. दुपारी धुणं वाळत घालायला मागं गेले, तर मावशी उकिरड्याशी उकिडवी बसलेली. मला पाहिलं आणि तिनं पदर मुठीत धरला. माझं डोकंच फिरलं.

"अवो मावशी! काय लपवून राहिल्या? दाखवा पदर!"

तिनं पदर उघडला. आत राखाडी भुसकटात माखलेले तांदूळ. मला वाटलं, गोदामाच्या मागच्या दारानं कट्ट्यातून काढले असतील आणि इथं आणून लपवले असतील. मी ओरडले. माझा आवाज आधीच मोठा. "आमचा माल असा मागच्या दारानं चालला होय! आणि मी म्हणते, ही रोज येते कायले! ही चोरी आहे चोरी!"

गोदामाच्या सावलीत तीन हमाल भाकरी खात होते. धान तोलणारा मापारी विडी ओढत होता. धान घेऊन आलेले दोन शेतकरी झोपेतून उठून बसले. सगळ्यांनी ऐकलं. मावशीनं कोणाकडंच पाहिलं नाही. तिनं पदर झटकला, सगळे तांदूळ परत उकिरड्यावर पडले. हात लुगड्याला पुसले आणि कुंपणाच्या फटीतून निघून गेली. मी मात्र बराच वेळ बोलत होते.

चार दिवसांनी सासूबाई आल्या. मी मोठ्या उत्साहानं त्यांना चोरी पकडल्याचं सांगितलं. त्या पाण्याचा गडवा हातात धरून ऐकत होत्या. मग गडवा खाली ठेवला.

"काय करून बसली तू, बाई! ते झाडण तिचं होतं."

"कोणतं झाडण?"

"जमिनीवर पडला दाना का तो झाडणारीचा. तुया आजेसासऱ्यापासून चालून रायलं हे. महिन्याचे पैसे का पोटाले पुरतात तिच्या? चार जीव त्या सुपावर जगतात. आन् तू ते वढून उकिरड्यावर फेकलं, आन् तिलेच चोर म्हटलं!"

मी तिथंच पाटावर बसले. कान असे तापले की हात लावावा तर चटका बसेल. पिशवी जड का लागायची ते आता कळलं. बारा दिवस मी त्या चार माणसांच्या ताटातलं ओढून नेत होते, आणि ती ओट्यावर बसून बघत होती. मागणार तरी कसं? सांडलेलं मागायची रीत नव्हती. ते फक्त झाडता यायचं.

मशीन त्याच दिवशी माळ्यावर गेलं. सासूबाईंनी मावशीला निरोप पाठवला, ती आली. तिच्याकडूनच कळलं की समोरच्या दुकानदारानं आणि त्याच्या बाजूच्यानं तिला येऊ नको म्हणून सांगितलं होतं. हमालांनी गोष्ट पेठेत नेली होती. चोर म्हटलेल्या बाईला कट्ट्यांजवळ कोण उभं करतो? तिच्याजवळ भरोसा हीच एक मिळकत होती. ती मी अंगणात उभं राहून, धुण्याची बादली हातात घेऊन, घालवली होती.

माफी मागावी असं मनात होतं. पण जीभ उचलेल तर शपथ! मग मी काय करावं? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, ती यायच्या आत, घरातल्या डब्यातले चांगले चार शेर तांदूळ आणून थप्पीमागच्या कोपऱ्यात सांडून ठेवले. वाटलं, झाडेल, घेऊन जाईल, न बोलताच फिटेल. किती हुशार मी!

मावशीनं झाडलं. ओट्यावर बसून पाखडलं. मग भरलेलं सूप घेऊन मधल्या दारात आली आणि माझ्यासमोर ठेवलं.

"सांडलेल्या तांदळात माती रायते, सूनबाई. ह्याच्यात नाई."

मी सूप तिच्याकडं परत सरकवलं.

"मले हे नाई पाहिजे. तुमी चार लोकांसमोर बोलल्या होत्या. चार लोकांसमोर बोला. मंग समोरचा शेठ झाडू देईल."

आवाज चढवला नव्हता. मागणं एवढंच होतं, एका वाक्याचं. मी म्हटलं, "हो मावशी, उद्याच बोलते." आणि मनापासून म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी खरंच दुकानात गेले. लुगडं बदललं, डोक्यावर पदर घेतला. वाक्य पाठ केलं होतं: मावशीनं काही चोरलं नव्हतं, चूक माझी होती. दोन हमाल होते, मापारी होता, सासरे होते, हेही होते. समोरचा शेठसुद्धा नेमका आमच्या गादीवर टेकून गप्पा मारत होता. यापेक्षा चांगली वेळ देवानंही काढून दिली नसती. मावशी खांबाजवळ झाडू धरून उभी. तिनं माझ्याकडं पाहिलं.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. माणसं बसलेली असताना सून सहसा दुकानात यायची नाही. मापाऱ्यानं विचारलं, "काय म्हणता, सूनबाई? चहा पाठवून रायल्या का?"

मी म्हटलं, "हो. किती कप पाठवू?"

"सहा," सासरे म्हणाले.

मी आत गेले आणि सहा कप चहा केला. बशीत चहा सांडला, तो पुसला. चहा घेऊन जाताना बोलू, असं मनाशी म्हटलं, पण ट्रे यांच्या हाती दिला.

त्या संध्याकाळी मावशीनं दुकान नेहमीसारखं झाडलं, उंबऱ्यावर चिमूट ठेवली, झाडू दाराआड टेकवला. दुसऱ्या दिवसापासून आली नाही. पुढं कोणी सांगितलं की तुमसर रोडच्या स्टेशनात मालधक्क्यावर झाडते. एकदा माहेरी जाताना मी तिला फलाटावरून पाहिलं. वॅगनमधून सांडलेलं वेचत होती आणि एक जण तिला काठी दाखवून हाकलत होता. मी डब्यात चढले. खिडकीतून पाहिलं नाही.

होळीच्या सुमारास सासूबाईंनी मला मागच्या अंगणात हाक मारली. मोरीचं पाणी उकिरड्याकडं जायचं. तिथं मी उलट्या केलेल्या पिशव्यांतलं धान उगवलं होतं, हिरवंगार, दाट, लावणीच्या रोपांचं पऱ्हं टाकल्यासारखं. सासूबाईंनी नुसतं बोटानं दाखवलं आणि त्या आत गेल्या. मी विळा आणून ते सगळं कापलं आणि गाईपुढं टाकलं, कोणी बघायच्या आत.

आता सुनेचं हे नवीन मशीन पाहते. वायर नाही, म्हणजे अडवायला काही नाही. कुठंही जातं, कोणाच्याही कोपऱ्यात. हा फायदा आहे म्हणतात. डबी मात्र काचेसारखी आहे, आत काय गेलं ते दिसतं. परवा किचन झाडून झालं तर डबीत धुळीबरोबर सात-आठ तांदूळ फिरत होते. सून डबी कचऱ्यात उलटी करायला निघाली तर मी तिच्या हातातून ओढूनच घेतली. ती म्हणाली, "आई, काय झालं?"

काही नाही म्हटलं. पुन्हा तेच. सत्तरी आली तरी तेच.

मावशी आता असेल असं वाटत नाही. तिची लेक असेल, नातवंडं असतील, कुठं आहेत मला ठाऊक नाही. तेव्हा हे वाचणारे जे कोणी चार लोक असतील, त्यांच्यासमोर सांगते. त्या बाईनं आमच्याकडून काही चोरलं नव्हतं. चूक माझी होती. एवढंच बोलायचं होतं, चहा किती कप विचारायच्या आधी.