कोर्ट उठेपर्यंत

इकडे ये गं बाय. अशी जवळ बस. काल दारातच उभी राहिलीस, चहा घेतला नाहीस, आणि म्हणालीस, "मावशी, मंगळवारी कोर्टात हो म्हणून टाकते. कटकट मिटते." की निघालीस पाठ फिरवून. अगं, माझ्या सख्ख्या बहिणीची लेक तू. बारावी झालीस, नर्सिंगला नंबर लागलाय, आणि अक्कल काय कामाला जात होतीस त्या अच्छाडच्या ढाब्यावर ठेवून आलीस? तेलाचे डबे तू चोरले नाहीस. हे तुला ठाऊक, मला ठाऊक, त्या ढाबेवाल्यालाही ठाऊक. मग हो कशाला?

समोर नाहीस म्हणून वहीत लिहिते. तू वाच. दुसऱ्या कुणी वाचलं तर वाचू दे. मला लाज नाही. ज्यांना वाटायला हवी ते वेगळे.

"हातात धर. दोन्ही हातांत. वर बघ."

हे मला चिकूच्या वाडीतल्या शेठचा मुलगा म्हणाला होता. वजनकाट्याशेजारी, सगळ्या बायांसमोर. मला पदर सोडायला लावला होता, त्यातले चिकू खाली सांडले होते. त्यातलेच दोन त्याने माझ्या हातात दिले आणि मोबाईल काढला. फोटो.

आणि मी हसले.

का हसले? फोटो काढताना माणूस हसतं म्हणून. आयुष्यात माझे फोटो किती निघाले? दोन-चार. लग्नात, रेशनकार्डाला. मोबाईल समोर आला आणि तोंड आपोआप हसलं. तो फोटो त्याने वाडीवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "चोरटी बाई. बघा, लाज तरी आहे का?" हे मला ट्रॅक्टरवाल्याने वाचून दाखवलं. तेव्हा मला वाचता येत नव्हतं.

चिकू कसले होते ते ऐक. झाडावरचे नाही. गळून पडलेले, वटवाघळांनी अर्धे कुरतडलेले. उधव्याहून आम्ही बाया टेम्पोत उभ्या राहून समुद्राकडच्या त्या वाडीत जायचो. म्हातारा शेठ होता तोवर एकच रीत होती, झाडावरचं मालकाचं, खाली पडलं ते तोडणाऱ्या बाईचं. म्हातारा स्वतः म्हणायचा, "न्या गं पोरांना." चांगला होता असं नाही. त्याला ते विकता येत नव्हतं, एवढंच. मग मुलाने चिकू सुकवायची मशिनं आणली. चिप्स, पावडर. कुरतडलेला भाग कापून टाकला की उरलेला चालतो. त्या दिवसापासून पडलेलं फळही मालकाचं झालं. आम्हाला सांगितलं कुणी? कुणी नाही. पोलिसांना सांगितलं.

कोर्टात उभी केली. दाराशी पोलीस कानात बोलला, "हो म्हण आजी. साहेब चांगले आहेत. संध्याकाळी घरी." तू काल बोललीस तेच. तोच एक शब्द, हो.

साहेबांनी विचारलं, "बाई, गुन्हा कबूल आहे का?"

मी म्हटलं, "हो साहेब."

इथं माझी चूक झाली, आणि ती चूक आपलीच माणसं करतात. आपल्या पाड्यात कुणाचं काय घेतलं तर चार जाणती माणसं बसतात. विचारतात, घेतलंस? माणूस म्हणतं, घेतलं. मग काय द्यायचं ते ठरतं, एकत्र बसून खाणंपिणं होतं, आणि विषय संपतो. त्यानंतर त्याला जो चोर म्हणेल त्यालाच दंड. कबूल केलेल्या माणसाला पुन्हा टोचायचं नाही. मला वाटलं, कोर्ट म्हणजे तेच, फक्त पंखा मोठा. चिकू मी घेतले होतेच की! खोटं कशाला बोलू?

पाड्यात कबूल केलं की संपतं. कोर्टात कबूल केलं की सुरू होतं. हे मला कुणी शिकवलं नाही गं.

सरकारी वकील म्हणाले, "साहेब, वाड्यांतून चोऱ्या फार वाढल्यात. वचक बसेल अशी शिक्षा द्या." साहेबांनी माझ्याकडे बघितलं, पांढरे केस बघितले असतील, आणि शिक्षा दिली, कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे काय? तर संध्याकाळी कोर्टाचं काम संपेपर्यंत तिथंच मागे बसायचं. मारझोड नाही, तुरुंग नाही. पोलीस खूश. "बघ, सांगितलं होतं ना?" मीही खूश. येडी.

बाकड्यावर नाही बसवलं. भिंतीशी, फरशीवर. लघवीला जायचं तर पुरुष पोलिसाला विचारायचं. एकदा विचारलं, तो म्हणाला, "थांब." मग विचारलंच नाही. येणारा-जाणारा बघत होता. एक वकीलबाई पायाशी अडखळली आणि म्हणाली, "हिला इथे कुणी ठेवलंय?" ठेवलंय. पिशवी ठेवतात तसं.

पण बसले म्हणून कानावर पडलं. जेवणाच्या सुट्टीनंतर एका बागायतदाराचा मुलगा उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट. त्याने मजुराला लोखंडी सळईने मारलं होतं, हात मोडला होता. केस चालून गुन्हा शाबीत झालेला, फक्त शिक्षा ठरायची होती. त्याचा वकील म्हणाला, "साहेब, वय कोवळं आहे. घराणं प्रतिष्ठित आहे. पहिलाच गुन्हा. तुरुंगात गेला तर बिघडेल." साहेब म्हणाले, "शिक्षा सूड म्हणून नसते. माणूस सुधारावा म्हणून असते." चांगलं वागेन असं त्याच्याकडून लिहून घेतलं आणि सोडलं. घरी. कोर्ट उठायच्या आधी.

माझ्याआधी गेला तो.

किती चांगलं बोलले साहेब! खोटं सांगत नाही, मी मान डोलावली. मग डोकं तापायला लागलं. पहिलाच गुन्हा तर माझाही होता. त्याचं वय दिसलं, माझं नाही दिसलं? त्याने माणसाचा हात मोडला, त्याला सुधारायचं. मी वटवाघळाचं उष्टं उचललं, मला वचक बसवायचा. कायदा एकच म्हणतात. एकच आहे. त्यांच्याकडे बघून बोलतो तेव्हा बाप होतो, आपल्याकडे वळला की मुकादम.

तो मजूर दाराशी उभा होता. हात वाकडाच जुळलेला. त्याला कुणी विचारलं नाही, तुझं काय म्हणणं? निघताना माझ्याकडे बघितलं त्याने, मी त्याच्याकडे.

ग्रुपवर फोटो गेलेला, कुठल्या वाडीत काम मिळेना. आश्रमशाळेत स्वयंपाकाला बाई हवी होती. माझ्या हातची भाकरी त्यांना आवडली, उद्यापासून ये म्हणाले, फक्त पोलिसांचा चारित्र्याचा दाखला आण. दाखल्यात आलं, चोरी, शिक्षा झालेली. मोठे गुरुजी म्हणाले, "शिक्षा झालेल्या बाईच्या हातचं पोरांनी खायचं का?"

त्या दिवशी कळलं. कोर्ट उठलंच नव्हतं.

मग मी अक्षरं शिकले. नातवाच्या पाटीवर, त्याच्याकडून शिव्या खात. "आजी, वेलांटी कुठे देतेस!" पहिलं पुस्तक माझं कुठलं? कोर्टाचा कागद. नक्कल काढून आणली आणि बोट ठेवून वाचली. लिहिलं होतं, आरोपीने स्वखुशीने गुन्हा कबूल केला. स्वखुशीने! तीन दिवस त्या एका शब्दावर बोट होतं माझं. कुणाची खुशी?

पुढच्याच वर्षी त्याच वाडीच्या कुंपणाबाहेर पडलेल्या सुक्या फांद्या उचलल्या, चुलीला. पुन्हा तक्रार. आता मी सराईत चोर. पुन्हा तोच दरवाजा, पुन्हा पोलीस कानाशी, "या वेळी आत टाकतील म्हातारे. हो म्हण, पाया पड."

साहेब नवीन होते. विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?"

मी म्हटलं, "फांद्या घेतल्या. चोरी केली नाही."

"हो की नाही, तेवढंच सांगा."

"नाही."

वकील मान वर करून बघायला लागले. दुसऱ्यांदा विचारलं, दुसऱ्यांदा नाही. म्हटलं, मला सरकारी फुकटचा वकील द्या, आणि ज्याने तक्रार केली त्याला इथं उभा करा, त्याने माझ्या तोंडावर सांगू दे.

जिंकले का? नाही. तारखा चालू आहेत. दर तारखेला उधव्याहून दोन गाड्या बदलून जाते, दिवसाचं काम बुडतं, शेठचा मुलगा येत नाही, पुढची तारीख पडते. कदाचित शिक्षाही होईल. होऊ दे. माझ्याच तोंडून हो वदवून घेऊन मलाच शिक्षा, हे आता नाही. शिक्षा द्यायची तर आधी गुन्हा दाखवा. मेहनत करा जरा.

आता तुझं. तू हो म्हणालीस की तुझ्या दाखल्यावर तेच येईल आणि नर्सिंगवाले दार लावतील. ढाबेवाल्याला तेच हवंय, पोलिसाला तेच हवंय, सगळ्यांना संध्याकाळी लवकर घरी जायचंय. त्यांच्या सोयीसाठी तू चोर व्हायचं? मंगळवारी मी तुझ्या शेजारी उभी राहणार. तू हो म्हणालीस तर मी मागून ओरडेन, साहेब, ही घाबरलीय, हिचं ऐकू नका. बाहेर काढतील तर दारात ओरडेन. आत टाकतील तर आतून.

पण ती वेळ तू आणू नकोस. सोमवारी ये. फुगलेलं तोंड घेऊन आलीस तरी चालेल. 'नाही' या एका शब्दाची आपण दोघी तालीम करू, मोठ्या आवाजात, पाड्याला ऐकू जाईल अशी. वेळ कमी आहे गं. ये लवकर.