डॉक्टरांच्या नजरेखाली

पौलस गावित नवापूरकडच्या डोंगरातला. लष्करात दात साफ करायचं काम रीतसर शिकून तो १९५८ साली नंदुरबारला दंतवैद्य डॉक्टर भाईदास पाटलांकडे नोकरीला लागला. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी त्याला सरकारी नियम वाचून दाखवला. पौलसनं दातांवरचं कीटण काढायचं, तेही दंतवैद्याच्या नजरेखाली. दात उपटायचा नाही, भरायचा नाही. पौलसनं मान डोलावली. हुकूम म्हणजे हुकूम, एवढं लष्करानं शिकवलंच होतं.

बासष्टच्या पंचायत समितीच्या निवडणुकीला डॉक्टर उभे राहिले आणि दवाखान्यात दिसेनासे झाले.

"तूच कर रे सगळं," ते म्हणाले. "दातही उपट. कोण बघतंय?"

"तुम्ही बघायचं असतं, साहेब."

धानोऱ्याची तापीबाई सुजलेल्या हिरड्या घेऊन तिसऱ्यांदा आली.

"डॉक्टर कोठे शे?"

"सभेत."

"मंग मी आते काय करू?"

पौलसनं उकळलेली हत्यारं पिशवीत घातली, घडीची खुर्ची खांद्यावर टाकली आणि बाईला घेऊन बाजारातली सभा गाठली. मंचासमोरच खुर्ची मांडून त्यानं काम सुरू केलं. डॉक्टर आरोग्यावर बोलत होते. ऐकणारे हळूहळू तापीबाईभोवती जमले आणि तिच्या तोंडात वाकून बघू लागले.

"पौलस, हे काय चाललंय?" डॉक्टर माईकवरूनच गरजले.

"कीटण काढतोय, साहेब. नजर असू द्या."

लोक खदाखदा हसले. डॉक्टर हात उंचावून म्हणाले, "पाहा! माझा दवाखाना तुमच्या दारी आलाय!"

टाळ्या पडल्या. डॉक्टर भरघोस मतांनी निवडून आले आणि महिन्याभरात त्यांनी दवाखाना बंद केला. दंतवैद्यच नाही म्हटल्यावर पौलसला कीटण काढायचीही मुभा उरली नाही. तो गावी परतला.

दुखऱ्या दाढा धरून लोक त्याच्या अंगणात यायचे. तो चिठ्ठी देऊन त्यांना धुळ्याच्या दंतवैद्याकडे पाठवायचा.

"इतकं शिकून चिठ्ठ्याच लिहिणार?" बायको, पारुबाई, चिडून म्हणाली.

पौलसनं नियम पुन्हा पहिल्यापासून वाचला. बाभळीची काडी दातांवर कशी फिरवायची हे शिकवायला कुठंच मनाई नव्हती. सोमवारी तो काड्यांची जुडी घेऊन शाळेच्या ओट्यावर जाऊन बसला. पहिल्या दिवशी एकटी पारुबाई आली, तीही भांडायला. पण जाताना काडी घेऊन गेली.